खारीचा बांध आणि कळंबोली

मुंबईहून पुण्यास निघालेला मनुष्य कळंबोलीपाशी येतो तेव्हा त्याचे सारे लक्ष घाटाकडे लागलेले असते. २००२ साली पुरा झालेला द्रुतगती मार्ग येथूनच सुरू होतो. दोन्ही हातांना लोखंडाच्या सळ्या आणि पत्रे लादलेल्या मालमोटारी उभ्या असतात. मुंबईच्या जुन्या लोखंडबाजाराला येथे जागा दिल्यापासून या गावाची ओळखच 'स्टील मार्केट' अशी होऊन बसली आहे. पलीकडे सिडकोच्या इमारती, त्यामागे तळोज्याची धुराडी. येथे पाहण्यासारखे काही असेल असे कोणाला वाटत नाही, आणि गाडीही थांबत नाही.

मला आज आपणांस येथे थोडा वेळ थांबवायचे आहे. कारण ही जागा एका जुन्या सीमेवर उभी आहे. सीमा म्हटली की आपल्याला राज्याराज्यांची हद्द आठवते. ती हद्दही येथे होती, तिच्याकडे मी पुढे येतोच. पण तिच्याहून जुनी आणि रोज दोनदा हलणारी अशी दुसरी सीमा येथे आहे. ती जमिनीची आणि समुद्राची. पूर्वेला माथेरान-प्रबळगडाचे डोंगर, पश्चिमेला पनवेलची खाडी, आणि मधल्या सखल पट्ट्यात कासाडी, गाढी, काळुंद्री या डोंगरातून उतरणाऱ्या नद्या. पावसाळ्यात डोंगर गोडे पाणी खाली लोटतात आणि भरतीला समुद्र खारे पाणी वर लोटतो. या दोघांच्या मधोमध माणसाने घर केले, भात पिकविले, मीठ पिकविले. ते कसे केले, हाच माझ्या भाषणाचा विषय.

प्रथम भरतीविषयी. शाळेत आपण शिकतो की चंद्राच्या आकर्षणाने भरती येते आणि ती रोज सुमारे पाऊण तासाने, नेमके म्हणायचे तर काही मिनिटे अधिक, उशिरा येते. खाडीकाठच्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्याच्याजवळ एक हिशेब होता आणि आजही जुन्या माणसांच्या तोंडी तो आहे. तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. दिवसा तसेच रात्री. अमावास्येनंतर पुन्हा एकपासून सुरुवात. हिशेब ढोबळ आहे. बंदराबंदरात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोचते. पण घड्याळ नसलेल्या कोळ्याला आणि मिठागरवाल्याला तो पुरेसा होता. अमावास्या-पौर्णिमेच्या जोरदार भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला भांग म्हणतात, हे किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. देशावरच्या श्रोत्यांसाठी सांगितले. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातले मोठे उधाण साडेचार मीटरांच्या वर चढते, म्हणजे दोन पुरुषांहून अधिक उंच.

आता विचार करा. किनारा जवळजवळ सपाट, आणि पाणी इतके चढउतार करणारे. अशा ठिकाणी भरतीची रेघ फर्लांग-फर्लांग आत येते आणि मागे जाते. या मधल्या चिखलाच्या पट्ट्याला खाजण म्हणतात. त्यावर तिवरे, कांदळ, चिपी ही झाडे उभी असतात. या झाडांना खाऱ्या चिखलात प्राणवायू मिळत नाही म्हणून ती आपली मुळे चिखलातून वर काढतात. तिवराच्या भोवती पेन्सिली रोवल्यासारखी शेकडो मुळे उभी दिसतात, ती श्वास घेण्यासाठी. तिवराचे पान उन्हात उलटून-पालटून पाहा. त्यावर मिठाचे बारीक कण आढळतील. घेतलेले मीठ ते झाड पानावाटे बाहेर टाकते. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते, लांब शेंगेसारखे लोंबते आणि खाली पडले की चिखलात उभे राहू शकते. या मुळांच्या जाळीत कोलंबीची आणि बोयाची पिले वाढतात, चिंबोऱ्या बिळे करतात, निवटी चिखलावर उड्या मारतात. निवटी हा मासा पाण्याबाहेर चिखलावर फिरतो. मुलांना दाखवावा असा प्राणी आहे.

या खाजणाचा काही भाग माणसाने बांध घालून समुद्राकडून मागून घेतला. त्या जमिनीला 'खार' म्हणतात. आपल्या आसपासच्या नावांत ती अजून उभी आहे: खारघर, खारकोपर. तेथे आज आगगाडीची स्थानके आणि उंच इमारती आहेत. पण पाटी वाचणाऱ्याला नाव सर्व सांगून जाते.

खार कशी करीत, ते सांगतो. ओहोटीच्या वेळी चिकणमातीची ढेकळे रचून बाहेरचा बांध उभा करावयाचा. बांधापुढची तिवरांची रांग तोडावयाची नाही, कारण लाटेचा जोर तीच मोडते. मग आतले पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी बांधात एके ठिकाणी वाट ठेवायची आणि तिला लाकडी दार बसवायचे. हीच उघाडी. तिची रचना पाहिली म्हणजे करणाऱ्याचे कौतुक वाटते. दार बाहेरच्या बाजूस उघडते. ओहोटीला आतले पाणी दाराला ढकलते आणि बाहेर निघून जाते. भरती आली की बाहेरचे पाणी तेच दार दाबून घट्ट बंद करते. राखणदार नको, यंत्र नको, तेल नको. समुद्राच्याच जोराने समुद्राला बाहेर ठेवायचे!

पण बांध घातला म्हणून लगेच भात पिकत नाही बरं का. मातीत मीठ मुरलेले असते. पहिली काही वर्षे पावसाच्या पाण्याने ते धुऊन काढावे लागते. पुढेही दर उन्हाळ्यात जमीन तापली की खालचे मीठ ओलाव्याबरोबर वर चढते आणि जमिनीवर पांढरा थर धरतो. जूनच्या पावसाने तो धुतला गेला की मगच पेरणी. डोंगराकडच्या शेतकऱ्यासारखी येथे राब भाजून रोपे करण्याची रीत नाही. बी भिजवून त्याला मोड आणायचे आणि ते चिखलावर फेकायचे. याला रहू म्हणतात. मग श्रावणात पावसाने ओढ दिली की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो, कारण दहा-पंधरा दिवस उघडीप पडली तर मीठ वर येते आणि उभे भात करपते. दुसऱ्या गावचा शेतकरी पाऊस पाण्यासाठी मागतो, खारीचा शेतकरी मीठ खाली दाबून ठेवण्यासाठी मागतो.

अशा जमिनीत टिकणारी भातेही निराळी. लाल दाण्याची, राठ, पण चिवट. पनवेलला खारजमिनीचे संशोधन केंद्र आहे. ते आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. काळा राता आणि भुरा राता या जुन्या वाणांची निवड-सुधारणा झाली आणि जगात जेथे जेथे खाऱ्या जमिनीत टिकणाऱ्या भातावर संशोधन चालते तेथे केरळच्या पोक्कळीच्या जोडीने आपल्या या रात्यांची नावे घेतली जातात. पुढे याच केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण दिले. आमच्या कुलाब्याच्या आगऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेले बी फिलिपाइन्समधल्या भातसंशोधन संस्थेत प्रयोगाला जाते, ही गोष्ट आपल्या शाळांच्या भिंतीवर कोठे लिहिलेली मला तरी दिसली नाही.

बांधाची मालकी आणि बांधाची दुरुस्ती हा इतिहासाचा भाग. इंग्रजांच्या वेळच्या कागदपत्रांत शिलोत्री नावाची जमीनधारणेची पद्धत सापडते. ज्याने खर्च करून बाहेरचा बांध घातला तो शिलोत्रीदार. बांध राखण्याची जबाबदारी त्याची, आणि त्याबद्दल कसणाऱ्याकडून तो सरकारी साऱ्याशिवाय आणखी धान्य घेई. आतले छोटे बांध कुळांनी राखायचे. कागदावर व्यवस्था ठीक. व्यवहारात मात्र बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की चिखलात उतरणारा आगरी असे. अलिबाग-पेणकडे गावाने मिळून बांध राखण्याची 'जोळ' नावाची रीत होती. प्रत्येक घरातून माणूस यायचाच. उधाणाच्या आत खांड बुजली नाही तर नुकसान एकट्याचे होत नाही. खारे पाणी सात-बाराचा उतारा पाहून शिरत नाही, साऱ्या गावाची शेते बुडतात आणि पुढची दोन-तीन वर्षे तेथे भात होत नाही. म्हणून बांध हा गावाचा, अशी समजूत.

ज्यांच्या श्रमावर हे उभे राहिले ते लोक कोण? आगरी हे नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आलेले. उरण, पेण, पनवेल या पट्ट्यात भात आणि मीठ ही दोन्ही पिके एकाच माणसाच्या हातची. पावसाळ्यात भात, हिवाळा-उन्हाळ्यात मीठ. खाडीत कोळी. डोंगराच्या पायथ्याशी ठाकूर आणि कातकरी. कातकरी हे नाव काताचे, खैराच्या लाकडापासून कात काढणाऱ्यांचे. आणि पनवेलच्या बाजारात आणखी एक समाज होता, ज्याचा विसर पडू देऊ नये. घाण्यावर तेल काढणारे, मराठी बोलणारे, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. पनवेलचे त्यांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे आहे. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुतेक इस्रायलला गेले. जाताना मराठी घेऊन गेले.

आता ती दुसरी, राज्यकर्त्यांची सीमा. वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, मराठ्यांनी साष्टी आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतला. बेलापूरचा किल्ला त्यातच आला. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. म्हणजे १८१८ पर्यंत चाळीस वर्षांहून अधिक काळ ठाण्याच्या खाडीच्या पलीकडे इंग्रज आणि अलीकडे पेशवाई अशी स्थिती होती. पनवेल हे पेशव्यांच्या बाजूचे बंदर. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना गादीवर बसविण्यासाठी मुंबईची फौज निघाली, ती होड्यांनी पनवेलला उतरली आणि बोरघाट चढून गेली. पुढे १७७९ च्या जानेवारीत वडगावला तिची जी शोभा झाली ती आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पाठ्यपुस्तकात वडगाव असते, पनवेलचा धक्का नसतो; पण फौज, तोफा, बैल हे सारे या खाडीच्या चिखलातून वर आले होते. भरतीची वेळ कोळ्यांना विचारूनच आले असणार, दुसरा उपाय नव्हता.

१८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. मुंबईहून पनवेलपर्यंत गलबताने आणि पुढे गाडीने, अशी पुण्याची वाट झाली. पनवेलची भरभराट त्या काळची. नगरपालिका १८५२ ची, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. पण दुसऱ्याच वर्षी मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि १८६३ साली ती बोरघाट चढली. गलबतांचा धंदा बसला. यानंतर शंभर वर्षे या पट्ट्याकडे मुंबईने पाहिले नाही. माझ्या मते ते एका अर्थी बरेच झाले, खार राखली गेली. पण तेथल्या माणसाच्या दारिद्र्याकडेही कोणी पाहिले नाही, हेही तितकेच खरे.

ते दारिद्र्य दोन ठिकाणी उसळून आले. डोंगराकडच्या शेतीला राब हवा, राबाला झाडाचे टहाळ हवेत, आणि इंग्रजी जंगलकायद्याने टहाळ तोडणे गुन्हा ठरविले होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर लोक जंगल सत्याग्रहासाठी जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्यात आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. स्तंभावरची नावे सावकाश वाचावीत. त्यांत पाटील आणि म्हात्रे आहेत, कोळी आहे, न्हावी आहे, कातकरी आहे. खाडीपासून डोंगरापर्यंतचा सारा प्रदेश त्या आठ नावांत आला. दुसरी गोष्ट अलिबागच्या खारेपाटातली. चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप केला. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

त्याच सुमारास, १९४८ साली, मुंबई सरकारने खारजमिनीचा कायदा केला. पुढे १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकासाचा कायदा झाला. बांधांची व्यवस्था सरकारी खात्याकडे गेली. हेतू चांगला होता. पैसा आला, दगडी पिचिंग आले, पक्क्या उघाड्या आल्या. पण एक गोष्ट हळूहळू घडली. बांध सरकारचा झाला, तसा तो गावाचा राहिला नाही. पूर्वी खांड दिसली की हाक जाई. नंतर अर्ज जाऊ लागला. आणि अर्जाला उधाणाची तिथी कळत नाही.

इतक्यात दुसरेच प्रकरण उभे राहिले. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे हलवावी, ही कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १९७० साली शासनाने ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांची, ३४४ चौरस किलोमीटर इतकी जमीन नव्या शहरासाठी मुक्रर केली आणि त्याच वर्षी सिडको स्थापन झाली. कळंबोली, रोडपाली, खिडुकपाडा, आसूडगाव, कामोठे ही गावे त्यात आली. आता या जमिनीची किंमत कशी ठरवायची? सरकारी नकाशावर खार म्हणजे एकपिकी, निकस जमीन. पण वाडवडिलांनी समुद्राकडून ती कमावली होती, आणि तिच्यातून तांदूळच नव्हे तर मासे, चिंबोऱ्या, मीठ, गुरांचा चारा हे सारे निघत होते, याचा रकाना मोजणीच्या फॉर्मात नव्हता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई-नवघरच्या बाजूला गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. जमीन घेताना मूळ माणसाला शहरात वाटा द्यायचा, हा विचार देशात पुढे पुष्कळ ठिकाणी बोलला गेला. तो येथल्या चिखलातून निघाला आहे. काहींना भूखंड वेळेवर मिळाले, त्यांची घरे उभी राहिली. काहींना इतक्या उशिरा मिळाले की अर्ज करणारा आणि घेणारा यांच्यात एक पिढी गेली.

शहर झाले. पण ज्या जमिनीवर झाले ती भरतीच्या रेघेखाली होती. येथे श्रोत्यांनी, विशेषतः शिक्षकबंधूंनी, नीट लक्ष द्यावे. सगळी जमीन भराव घालून उंच करायची तर डोंगर पुरणार नाहीत. म्हणून नव्या मुंबईत जागोजाग धारण तलाव केले. ही डच पद्धत. शहराचे पावसाचे पाणी या तलावात साठते, आणि तलावाच्या तोंडाशी खाडीकडे उघडणारी दारे असतात. भरतीला बाहेरचे पाणी ती दारे दाबून बंद करते. ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर जाते. वर्णन ओळखीचे वाटले ना? आगऱ्याची लाकडी उघाडी ती हीच. लाकडाच्या जागी लोखंड आले आणि तिला परदेशी नाव मिळाले, इतकाच फरक. डच लोकांबद्दल मला आदर आहे. पण कळंबोलीच्या माणसाने ही युक्ती हॉलंडहून शिकली असे कोणी वर्गात सांगू नये.

युक्तीला मर्यादाही तीच आहे, जी उघाडीला होती. भरतीची वेळ आणि मुसळधार पाऊस एकदम आले तर दारे बंद, आणि आत पाणी साठत राहते. जितका तलाव रिकामा तितकाच आधार. तलावात गाळ भरला की आधार कमी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दुपारी मोठी भरती होती. कासाडीने पात्र सोडले. कळंबोलीत तळमजले बुडाले. नवे रहिवासी म्हणाले, असे कधी झाले नव्हते. जुन्या गावातली माणसे काही बोलली नाहीत. त्यांची गावठाणे का उंचवट्यावर आहेत, हे त्यांना माहीत होते.

नदीचे दुखणे केवळ पुराचे नाही. कासाडी तळोज्याच्या कारखान्यांच्या शेजारून वाहते. २०१७ साली तेथे अंगाचा रंग निळा झालेले कुत्रे रस्त्यावर दिसले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे झळकली. लोक हसले. पण कुत्र्याच्या अंगावरचा रंग दिसतो. माशाच्या पोटात गेलेला दिसत नाही. ज्या खाडीतून जिताडा निघे, त्या खाडीवर पोट भरणाऱ्या कोळ्याला हसू आले नसेल.

आता शेवटचा आणि मला वाटते सर्वांत अवघड प्रश्न. तो कळंबोलीत आता फारसा उरला नाही. पण पेण, अलिबाग, उरण येथल्या आपल्या श्रोत्यांच्या दाराशी तो आज उभा आहे. कांदळवन तोडू नये, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली दिला आणि २०१८ साली त्यावर अंतिम निर्णय दिला. कांदळवन लाटा थोपविते, मासे वाढविते. ते राखलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०२० साली पांढऱ्या चिपीला राज्याचे कांदळवृक्ष ठरविले, ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली झाले, तिला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय पाणथळीचा मान मिळाला. या सर्व गोष्टी आनंदाच्या. पण पाहा काय होते. बाहेरचा बांध फुटतो. अर्ज जातो. दोन पावसाळे निघून जातात. खारे पाणी शेतात शिरते आणि त्याबरोबर तिवराचे बी येते. चार-पाच वर्षांत वडिलोपार्जित भातशेतात कमरेइतकी तिवरे उभी राहतात. मग बांध बांधण्यास मंजुरी मिळते, तेव्हा ते शेत शेत राहिलेले नसते. कांदळवन झालेले असते, आणि त्याला हात लावणे गुन्हा असतो. शेतकऱ्याने झाड तोडले नाही, जमीन विकली नाही, तरी शेत गेले.

याचा दोष तिवराला देऊन चालणार नाही, न्यायालयालाही नाही. तिवर आपले काम करते. कायदा बांधाच्या बाहेरचे राखण्यासाठी आहे. दोष त्या दोन पावसाळ्यांचा आहे, ज्यांत खांड उघडी राहिली. बांधाबाहेर तिवरे आणि बांधाआत भात, ही जुनी वाटणी होती, आणि ती दोघांच्याही हिताची होती. तिवरे बांधाला राखीत, बांध भाताला. आमचे काही पक्षिमित्र आणि आमचे शेतकरी एकमेकांकडे संशयाने पाहतात, हे मला नवल वाटते. दोघांचे मागणे एकच आहे: बांध वेळेवर बुजवा. खांड पडल्याची नोंद त्या दिवशीच तारीख घालून, शक्य तर छायाचित्रासह, ग्रामपंचायतीच्या दप्तरी करून ठेवावी, म्हणजे तिवरे आधी की शेत आधी, हा वाद पुढे उभा राहिला तर कागद हाताशी राहील. हे काम गावच्या शिक्षकाला करता येण्यासारखे आहे. त्याला पैसा लागत नाही.

डोंगराच्या बाजूचे थोडे सांगायचे राहिले. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की अंगठ्यासारखा सुळका दिसतो तो कर्नाळा. त्याच्या पायथ्याचे रान १९६८ साली पक्षी अभयारण्य झाले. पावसाच्या सुरुवातीला तेथे शीळकरी कस्तूर माणसासारखी शीळ घालतो, शेपटीला दोन लांब तारा असलेला कोतवाल हिंडतो. याच्या उत्तरेला आता विमानतळ झाला आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी उतरविली, उलवे नदीचा प्रवाह वळविला, दहा गावांची घरे हलविली. म्हणजे पुन्हा एकदा येथल्या पाण्याला नवी वाट दाखविली आहे. ते ती कितपत मानते, हे दोन-चार मोठी उधाणे गेल्यावर कळेल.

ज्या शिक्षकांच्या शाळा या पट्ट्यात आहेत त्यांनी नववीच्या वर्गाला एखाद्या द्वादशीला सकाळी धारण तलावावर न्यावे, सुरक्षित अंतरावर काठाने उभे करावे. गावात जुनी उघाडी शिल्लक असेल तर फारच उत्तम. नऊ-साडेनऊच्या सुमारास दार बंद असेल आणि बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा उंच दिसेल. दोन-तीन तास थांबण्याची तयारी ठेवावी, भाकरी बरोबर घ्यावी. दुपारी बारानंतर खाडी उतरू लागली की दार आपोआप सैल पडते आणि आतले पाणी बाहेर धावू लागते. मुलांना तिथीचा हिशेब आधी फळ्यावर करू द्यावा आणि खरी वेळ तेथे टिपू द्यावी. फरक किती आला ते वहीत लिहावे. आणि परत येताना एवढे विचारावे, की दाराचे बिजागर खाली न बसविता वर का बसविले आहे?